शून्य टोपल्या माती

एका जंगलात एक उभा डोंगर होता आणि त्या डोंगरावर शेती होती. मुलांनो, तुम्ही म्हणाल, शेती तर सपाट जमिनीवर असते. बरोबर आहे. पण सपाट जमीन खाली होती आणि खाली राजा राहत होता. म्हणून बाकीच्यांना वर शेती करावी लागे.

राजा वाघ होता. त्याचं नाव पट्टेराव. दरबाराला लागूनच त्याचं तळं होतं आणि रोज सकाळी तो त्यात डुंबत असे. एका भाद्रपदात तो तळ्यातून बाहेर आला तो मानेपर्यंत तांबडा होऊनच. अंगावरचे पट्टे दिसेनात. पट्टे दिसत नाहीत म्हणून दारावरच्या पहारेकऱ्यानं त्याला ओळखलं नाही आणि आत सोडलं नाही. त्या पहारेकऱ्याचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

राजानं दरबारात विचारलं की तळ्यात एवढी माती येते कुठून. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वर डोंगर आहे, त्यावर पाऊस पडतो, पावसाबरोबर माती खाली येते. पण दरबारात जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी बोलत नाही. प्रधान होता उदमांजर. त्यानं मान हलवली आणि सांगितलं की प्रश्न गहन आहे, याला शास्त्रज्ञच पाहिजे.

शास्त्रज्ञ कार्तिकात आला. तो करकोचा होता. थंडी पडली की आपल्या थव्याबरोबर दूर उत्तरेतून यायचा आणि फाल्गुनात परत जायचा. तिकडं बर्फाच्या देशात त्यानं मोठं शिक्षण घेतलं होतं. विचार करताना तो एका पायावर उभा राही. सगळे त्याला शास्त्रीबुवा म्हणत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शास्त्रीबुवा वाईट नव्हते. अशा गोष्टींत शास्त्री आला की तुम्ही हसायची तयारी करता, तशी करू नका. त्यांना मातीची खरोखर काळजी होती. फक्त या डोंगरावरचा पाऊस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाऊस यायच्या आधी ते निघून गेलेले असत.

पावसानं माती वाहून जाते तिला धूप म्हणतात, असं त्यांनी दरबारात समजावून सांगितलं. राजाला वाटलं आरतीतला धूप. ते निस्तरण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं मॉडेल मांडलं.

मॉडेल म्हणजे काय, तर डोंगर न चढता डोंगर बघायची सोय. पाच आकडे घ्यायचे. पाऊस किती पडतो, माती कशी आहे, उतार केवढा आहे, वर पीक कसलं आहे आणि माती अडवायला बांध किती घातलेत. पाचांचा गुणाकार करायचा, की एका शेतातून एका पावसाळ्यात किती टोपल्या माती जाते ते समजतं. मॉडेल चांगलं होतं. उत्तरेतल्या लांबच लांब गव्हाच्या शेतांवर ते बिनचूक उत्तर देत असे.

आकडे खात्यांकडून यायचे होते. पावसाचं खातं कासवाकडं होतं. दरबाराच्या अंगणात एक पितळी भांडं ठेवलेलं असे. आषाढात ते दुपारपर्यंत भरायचं आणि मग उतू जायचं. कासवाचा नियम असा, की भांड्यात मावला तेवढा पाऊस. बाकीचं नुसतं पाणी.

मोजणीचं खातं घोरपडीकडं होतं. ती डोंगर चढून गेली, कड्यावरून उतरून आली आणि जमीन जवळपास सपाट आहे असं तिनं लिहून दिलं. निदान तिला तरी कुठं चढ जाणवला नव्हता. शास्त्रीबुवांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली की हे खातं तीस वर्षं तिच्याकडं आहे. पिकाचा आकडा भेकरानं आणला. शेतांत हिरवंगार दाट पीक आहे असं त्यानं शपथेवर सांगितलं. ते सकाळपर्यंत होतं हेही खरं होतं. दुपारी त्यानं ते खाल्लं.

गुणाकार झाला. उत्तर आलं, एका शेतामागं चार टोपल्या.

शास्त्रीबुवा शहाणे होते. चार टोपल्यांनी अख्खा वाघ तांबडा होत नाही हे त्यांना कळत होतं. दोन दिवस ते एका पायावर उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्षभराची मुदत मागितली. दरबारातून निघताना ते एवढंच म्हणाले की आकडे घेत असताना डोंगर आहे तसा राहिला तर बरं, मध्येच कुणी काही बदललं तर गुणाकार बिघडतो.

ते सहज बोलले होते. प्रधानानं त्याचा हुकूम केला. मोजणी पुरी होईपर्यंत डोंगरावरचा एकही दगड कुणी हलवायचा नाही.

आता डोंगरावर जाऊ.

वर अर्ध्या चढावर चिमाबाई नावाची साळिंदर राहत होती. तिचं शेत म्हणजे उतारावरचा एक पट्टा. एका भागात नाचणी करायची, दुसऱ्या भागात कणगरांचे कंद लावायची. उभ्या उतारावर माती टिकत नाही, म्हणून ती उताराला आडवी दगडांची रांग रचायची. तिला तिकडं ताल म्हणतात. पाणी वरून धावत येतं, तालीशी अडतं, अंगावरची माती तिथंच टाकतं आणि दगडांच्या फटींतून निथळून जातं. चिमाबाईच्या आईनं अशा दोन ताली घातल्या होत्या. गेल्या पावसात शेताच्या वरच्या अंगाला नवी ओघळ पडली, म्हणून चिमाबाईनं तिसरी ताल घालायला घेतली होती. ती अर्धी झाली आणि दवंडी आली.

दवंडी देणारा वानर होता. चिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ही दवंडी पावसाला ऐकवली का, असं त्याला विचारलं. त्याच्याकडं तसं काही लिहिलेलं नव्हतं.

शेजारी धर्मा नावाचा ससा होता. त्याच्या शेतात एकच ताल, तीही मधोमध ढासळलेली. ती त्या वर्षी तो बांधून काढणार होता. पण धर्मा हुकूम पाळणारा होता. हातातला दगड त्यानं होता तिथंच ठेवला. मग तो दगड उचलला त्या जागी नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो परत मूळच्या जागी नेऊन ठेवला तर हलवल्यासारखं होईल का, याचा विचार करत तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

माघात चिमाबाई खाली उतरली आणि शास्त्रीबुवांना भेटली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आपली पानं दाखवली, पाच आकडे समजावले. तिनं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं,

"आषाढात तुम्ही कुठं असता?"

"उत्तरेत."

"म्हंजी माती जाते तवा तुम्ही नसता. आन तुम्ही असता तवा माती जात न्हाई."

शास्त्रीबुवांनी पाय बदलला. हे त्यांना कुणी विद्यापीठात विचारलं नव्हतं.

"एकदा आषाढात येऊन बघा," चिमाबाई म्हणाली, आणि चढ चढून परत गेली.

फाल्गुनात करकोच्यांचा थवा उडाला. शास्त्रीबुवा उडाले नाहीत. थव्यानं दरबारावरून तीन घिरट्या घातल्या, हाका मारल्या, आणि मग तो उत्तरेला लागला. शास्त्रीबुवा मान वर करून बघत राहिले. ठिपके दिसेनासे झाले तरी बघत होते. त्यानंतर दोन दिवस त्यांनी कुठलाच आकडा लिहिला नाही.

वैशाख लागला. उन्हाच्या दिवसांत दरबारातलं कुणी डोंगर चढत नाही. चिमाबाईनं तेवढ्यात तिसरी ताल पुरी केली. धर्मानं तिला बजावलं की हे हुकमाविरुद्ध आहे. तिनं त्यालाही दगड द्यायला बोलावलं. तो आला नाही, पण त्यानं कुणाला सांगितलंही नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी शास्त्रीबुवा आपली पानं घेऊन वर आले. नवी ताल पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांचे आकडे बिघडले होते. डोंगर आहे तसा राहिला नव्हता. चिमाबाईनं त्यांना सांगितलं की डोंगर आहे तसा कधीच राहत नाही, दर पावसात थोडा खाली जातो, आणि हे थांबवायचं असेल तर कुणीतरी काहीतरी बदलावंच लागतं. यावर शास्त्रीबुवांनी वाद घातला नाही. वाद घालायला त्यांना वेळही मिळाला नाही, कारण आभाळ भरून आलं होतं.

पाऊस तीन दिवस पडला. शास्त्रीबुवा चिमाबाईच्या बिळाच्या तोंडाशी, आडोशाला अंग चोरून उभे होते. असला पाऊस त्यांच्या तक्त्यात नव्हता. कासवाचं पितळी भांडं इथं पहिल्या तासातच भरलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धर्माच्या शेतातलं पाणी तांबडं झालं. आधी बोटाएवढी ओघळ पडली. बघता बघता ती वीतभर झाली. ढासळलेल्या तालीच्या खिंडीतून पाणी घुसलं आणि नाचणीची रोपं मुळांसकट खाली निघाली. चिमाबाईनं ओरडून त्याला सांगितलं की खिंडीत दगड टाक. दगड बाजूलाच पडलेले होते. धर्मानं दगडांकडं पाहिलं. मग तो स्वतः खिंडीत आडवा झाला.

मुलांनो, यात हुकूम मोडला नव्हता. ससा म्हणजे दगड नव्हे.

थोडा वेळ पाणी थबकलं. नंतर ते त्याच्या अंगावरून जायला लागलं. शास्त्रीबुवा पावसात धावत गेले. चोचीत त्याचे दोन्ही कान धरून त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं, आणि त्यांच्या मागोमाग खिंडीतली उरलेली माती, ताल आणि निम्मं शेत खाली गेलं. धर्मा चिखलात बसून होता. चिमाबाईच्या शेतात तिन्ही तालींशी पाणी तुंबलं होतं आणि फटींतून हळूहळू निथळत होतं.

पाऊस उघडल्यावर शास्त्रीबुवांनी एकट्यानं मोजणी केली. शेत किती खोल गेलं ते त्यांनी चोचीनं मोजलं, स्वतःच्या पायांनी चढ मोजला आणि श्रावणात दरबारात आकडा सांगितला. धर्माच्या एकट्याच्या शेतातून दोनशे चाळीस टोपल्या.

राजाला आकडा आवडला नाही. एवढी माती जात असेल तर कुणाचीतरी चूक असणार, आणि चूक शोधत गेलं तर ती कुठं जाऊन पोचेल याचा नेम नसतो. राजानं प्रधानाकडं पाहिलं.

प्रधानानं पानं मागवली. पाऊस, माती, उतार, पीक हे चार आकडे बदलले तर खात्यांचा अपमान झाला असता. राहिला पाचवा. त्यानं त्याच बैठकीत ठराव मांडला की सगळ्या डोंगरावर बांध मंजूर करण्यात येत आहेत. ठराव एकमतानं पास झाला. मग त्यानं शास्त्रीबुवांना विचारलं की सगळीकडं पक्के बांध असले तर पाचवा आकडा किती धरतात.

"पक्के असले तर जवळपास शून्य," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण बांध नाहीत."

"मंजूर आहेत."

"मंजूर बांध माती अडवत नाहीत."

"महाराजांच्या शब्दानं अडत नाही, ते दगडानं अडेल असं तुमचं म्हणणं आहे का?"

वाघ तिथंच बसलेला होता. शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. प्रधानानं स्वतः गुणाकार केला. दोनशे चाळीस घ्या नाहीतर दोन हजार चारशे घ्या, एका ठिकाणी शून्य आलं की सगळं शून्य. दर शेतामागं शून्य टोपल्या माती. राजा खूष झाला. तळं तांबडंच होतं, त्यामुळं तो तेवढ्यापुरता घंगाळात आंघोळ करत असे.

बांध कुणी घातले नाहीत. घालता येतच नव्हते, कारण दगड हलवायची बंदी अजून उठली नव्हती.

कार्तिकात घोरपड नकाशा करायला वर गेली. प्रत्येक शेतावर शून्य लिहायचं एवढंच काम होतं. ती लिहीत गेली आणि एका ठिकाणी अडली. तिनं दरबारात येऊन सांगितलं की डोंगरावर एक शेत असं सापडलंय, जिथली माती गेलेली नाही, उलट चार बोटं वाढली आहे. नाचणी उभी आहे. आणि तिथं तीन ताली आहेत, त्यांतली एक बिनपरवान्याची.

मोठीच पंचाईत झाली. मॉडेलमध्ये माती जाते किंवा जात नाही. वाढण्याची सोय त्यात नाही. शिवाय एका शेतात तालीमुळं माती राहिली असं नकाशावर आलं, तर बाकीच्या शेतांत ती का राहिली नाही असं कुणीही विचारलं असतं. प्रधानाचं म्हणणं पडलं की तिन्ही ताली मोडून टाकाव्यात, म्हणजे ते शेत इतरांसारखं होईल, आणि चिमाबाईला हजर करावं. हुकूम लिहून तयार झाला. त्यावर शास्त्रीबुवांची सही हवी होती.

शास्त्रीबुवांनी कागद समोर ठेवला आणि एक पाय उचलला. ते बराच वेळ तसेच उभे होते. वाघाला एक डुलकीही लागली. मग त्यांनी पाय खाली टेकला.

"हे शेत नाही," ते म्हणाले. "ही मोजणीतली चूक आहे."

प्रधानाला कळलं नाही. शास्त्रीबुवांनी शांतपणे समजावलं की कुठल्याही मोजणीत अशी एखादी चूक येते. उत्तरेतल्या मोठ्या विद्यापीठांत ती खोडून पुढं जातात. ताली मोडायला कुणाला पाठवलं तर ते शेत खरोखर आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. जे नाहीच त्याच्या ताली कशा मोडणार आणि जी नाहीच तिला हजर कसं करणार.

घोरपड रागावली. तीस वर्षांत तिच्या खात्यात चूक झाली नव्हती. पण प्रधानाचा चेहरा खुलला. डोंगर चढण्यापेक्षा खोडणं सोपं होतं. त्यानं लगेच खोडलं. नकाशावर सगळीकडं शून्यं होती आणि मध्ये एक कोरी जागा राहिली.

शास्त्रीबुवांच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं. ते सांगायला ते स्वतः चढ चढून गेले.

"म्हंजी मी आता न्हाई?" चिमाबाईनं विचारलं.

"कागदावर नाही."

"आन ती दवंडी?"

"जे आहेत त्यांच्यासाठी आहे."

चिमाबाई म्हणाली, "तर मग त्यो धोंडा जरा इकडं द्या."

शास्त्रीबुवांनी तो चोचीनं ढकलत आणून दिला. तालीत एक जागा मोकळी होती, तिथं तो बसला.

हे धर्माच्या कानावर गेलं. तो आला आणि अदबीनं उभा राहिला. त्यानं विचारलं की त्यालाही चूक होता येईल का. शास्त्रीबुवांना उत्तर द्यायला जड गेलं. उरलेलं निम्मंही त्याच पावसाळ्यात गेलं होतं आणि धर्माच्या शेतात आता खडक होता. तिथून पुढं शून्य टोपल्या माती जाणार होती आणि नकाशावरही शून्यच लिहिलेलं होतं. ते शेत डोंगरावरचं सगळ्यात बरोबर शेत होतं. त्यात चूक काढायला जागाच नव्हती.

धर्मानं मान हलवली. तो हुकमाप्रमाणं वागला होता आणि हिशेबातही बरोबर आला होता, त्यामुळं तक्रार कशाची करावी हे त्याला सुचेना. चिमाबाईनं त्याला आपल्या खालच्या तालीजवळचा एक तुकडा वरी लावायला दिला. तो दबकतच आत आला. कोऱ्या जागेत शिरल्यावर आपणही खोडले जाऊ की काय, अशी त्याला भीती वाटत होती. पहिल्या दिवशी त्यानं एकही दगड उचलला नाही. दुसऱ्या दिवशी चिमाबाई बघत नाही असं पाहून एक उचलला.

फाल्गुनात थवा निघाला तेव्हा शास्त्रीबुवाही गेले.

पुढच्या पावसाळ्यात ती कोरी जागा सोडून डोंगरावरची उरलीसुरली माती गेली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात डोंगरावरून पाणी आलं ते काचेसारखं स्वच्छ. खडक धुऊन येणारं पाणी स्वच्छच असतं. वाघ तळ्यात उतरला आणि सगळ्या पट्ट्यांसकट बाहेर आला. घोरपडीनं वर जाऊन मोजलं. शून्य म्हणजे शून्य. मॉडेल तंतोतंत खरं ठरलं होतं.

कार्तिकात शास्त्रीबुवा आले तेव्हा सत्काराची तयारी झालेली होती. त्यांना शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोलायला सांगितलं. शास्त्रीबुवा दोन्ही पायांवर उभे राहिले.

"धूप शून्य आहे," ते म्हणाले, "कारण माती शून्य आहे."

पहिल्या शून्यालाच टाळ्या सुरू झाल्या. पुढचं वाक्य त्यांत बुडालं. त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं, तेव्हा आणखी मोठ्या टाळ्या झाल्या. मग ते खाली बसले.

त्या वर्षी डोंगरावरून धान्य आलं नाही. धान्य का येत नाही, हा प्रश्न गहन होता. प्रधानानं त्यासाठी दुसरा शास्त्री बोलावला.

तात्पर्य : जो हिशेबात बरोबर बसतो त्याची माती होते. ज्याला आपली माती राखायची असेल त्यानं वेळेवर चूक ठरावं.